मोडीचा काटा : आमची वाटचाल

मोड, म्हणजे जुनं सोनं-चांदी, विकत घेणाऱ्याबद्दल लोकांच्या मनात अढी असतेच. हा काहीतरी मारणार, असं धरूनच माणूस पायरी चढतो. ती अढी काढायची म्हणून आम्ही दोघांनी दुकान काढलं. भागीदाराची नजर आणि माझा काटा. कसोटीच्या दगडावर रेघ ओढली की तेजाबाचा थेंब पडायच्या आत तो कॅरेट सांगायचा, आणि आटवल्यावर आकडा तोच निघायचा. हे काम मी त्याच्याकडूनच शिकलो, ते आजही कबूल करतो. पण पाचव्या वर्षी तो बाहेर पडला आणि त्याने बरोबर समोर दुकान थाटलं.

त्याच्या पाटीवरचा भाव कायम आमच्याहून वर. लोकांना पाटी दिसते, कॅरेट दिसत नाही. बावीस कॅरेटचा दागिना वीसचा म्हणून लावला की अकरावा हिस्सा तिथेच गेला. मग पाटीवर शेकडा दोन वाढवून द्यायला काय जातंय? ‘झाळ (सांधे जोडायचा हलका धातू) जास्त आहे’ म्हटलं की गिऱ्हाईक मान डोलावतं. झाळेने टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, उतरतो, खरं आहे, जुन्या साखळीत तर कडीकडीला झाळ असते. पण किती उतरला ते आटवल्यावर कळतं. मी हे घसा फोडून सांगत होतो आणि आमचा गल्ला रिकामा होत होता.

त्या घाईत माझ्या हातून ती चूक झाली. शुद्ध सोन्याच्या म्हणून चार लगडी आल्या. शुद्धता तपासायच्या मशीनने ९९.९ टक्के दाखवलं. पाण्यात तोलून घनता काढली, ती सोन्याची असते तशीच, १९.३ च्या आसपास. कर्ज काढून पैसे मोजले. भट्टीत १०६४ अंश सेल्सिअसला सोनं वितळलं आणि मुशीत करडा ठोकळा तसाच राहिला. टंगस्टन! घनता सोन्याएवढीच, वितळायला मात्र ३४०० अंशांच्या वर. मशीन वरचा पापुद्राच वाचतं, कसोटीवरही तोच घासला जातो. आरपार एक भोक पाडलं असतं तर वाचलो असतो.

त्या लगडी आधी समोर गेल्या होत्या, हे मागाहून कळलं. ‘कापून बघू द्या’ म्हटल्यावर विकणाऱ्याने त्या उचलल्या. भागीदाराने ओळखलं होतं. रस्ता ओलांडून मला सांगायला तो आला नाही. उलट, याला सोनं ओळखता येत नाही, असं गिऱ्हाइकांना सांगत राहिला. हे मी विसरलेलो नाही.

त्याच आठवड्यात शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई आल्या. पूर्वी त्यांनी चांदीच्या, ९२५ शिक्क्याच्या, मेणबत्तीच्या जड बैठका आणल्या होत्या. मी त्यांच्यासमोर एक फोडली : आत डांबरासारखा भराव, चांदी नुसत्या पातळ पत्र्याची. तेवढ्याचंच वजन धरलं, तेव्हा त्या रागावून गेल्या होत्या. आता घरातली उरलेली सगळी चांदी घेऊन आल्या. म्हणाल्या, “तुम्ही मला कमी सांगितलं होतं, म्हणून आले.”

त्या चांदीवर भट्टी पुन्हा पेटली. पुढची वर्षं कर्ज फेडण्यात गेली, धंदा चालत राहिला.

मोड विकायची असेल तर एवढं करा. घरीच शिक्के बघून वाटण्या करा : ९१६, ७५०, ५८५ (हजारात इतके भाग सोनं) वेगळे. खडे आणि लाख काढल्यावरच वजन करायला सांगा. वजन गुणिले शुद्धता गुणिले दिवसाचा भाव, हा हिशेब स्वतः मांडा. मग घट किती धरली ते विचारा आणि आटणी डोळ्यांसमोर करून घ्या. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदीचा कणही नसतो, तांबं, निकेल, जस्त एवढंच, तेव्हा त्यासाठी भांडू नका. जुनी घडणावळ सुरेख असेल तर आटवण्याआधी जाणकाराला दाखवा, एकदा आटली की गेली.

तो करडा ठोकळा आजही काट्याशेजारी असतो. नवा मुलगा कामाला लागला की पहिल्या दिवशी मी तो त्याच्या तळहातावर ठेवतो आणि नुसतं वजन जाणवू देतो.