आधी गाडी कशानं मेली ते विचार

या जानेवारीत आमची टोयोटा कॅमरी सिग्नलला थांबली की थरथरायला लागली. 1999 ची गाडी, 5एस-एफई इंजिन, दोन लाख मैलांच्या पुढे गेलेली. मिशिगनच्या थंडीत पहाटे स्टार्ट केली की अख्खं स्टिअरिंग हातात हलायचं आणि डॅशबोर्डवरचा इंजिनच्या बिघाडाचा पिवळा दिवा काही केल्या विझायचा नाही. ‘विकून टाका, किती दिवस वापरणार?’ असं बऱ्याच जणांनी सांगितलं. पण ही माझी अमेरिकेतली पहिली गाडी. हिच्यातूनच मी दोन्ही मुलांना हॉस्पिटलमधून घरी आणलं. आणि एका सिलिंडरपायी गाडी टाकून देणं मला पटतच नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात अण्णांचं डिझेल पंप आणि नोझल दुरुस्तीचं दुकान होतं. माझं बालपण त्या वासात गेलं.

1996 पासून इथं विकल्या गेलेल्या सगळ्या कारमध्ये स्टिअरिंगच्या खाली ओबीडी-2 चं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचायचं, सॉकेट असतं. स्कॅनर लावला, कोड आला पी0302. शेवटचा आकडा सिलिंडरचा, म्हणजे दोन नंबर मिस मारतोय, त्यात पेट्रोल नीट जळत नाही. स्पार्क प्लग आणि त्यांच्या वायरी इकडच्या तिकडे करून पाहिल्या, कोड जागचा हलला नाही. मग लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर, म्हणजे सिलिंडरला पेट्रोल फवारणाऱ्या नोझलवर, आणि मूठ कानाला. तीन इंजेक्टर खणखणीत टिकटिक करत होते, दोन नंबरचा आवाज दबका. खात्रीसाठी दोनचा इंजेक्टर तीनमध्ये घातला आणि तीनचा दोनमध्ये. दुसऱ्या दिवशी कोड बदलून पी0303 झाला. दोष इंजेक्टरबरोबर सरकला होता. ही अदलाबदल फुकट होते आणि नको तो पार्ट घेण्यापासून वाचवते. फक्त या इंजिनात इंजेक्टर मागच्या बाजूला, इनटेक मॅनिफोल्डच्या खाली अडचणीत बसलेत. हात सोलवटून निघतात.

डीलरकडे नवा अस्सल इंजेक्टर विचारला तर एकाचे शंभर डॉलरच्या वर. मग ऑनलाइन चार नवे घेतले, चारही मिळून पंचेचाळीस डॉलरला. खोक्यावर नामांकित कंपनीचं नाव, पण छपाई पुसट. गाडी सुरू झाली आणि पहिल्यापेक्षा जास्त थरथरली. काढून मल्टिमीटर लावला. या गाडीच्या इंजेक्टरची कॉइल, म्हणजे आतलं तारेचं वेटोळं, साधारण 14 ओहमच्या आसपास यायला हवी. यांतला एक 12 दाखवत होता, एक 16. नाव खरं, माल नकली. विकणाऱ्यानं पैसे परत केले, पण माझे दोन रविवार गेले.

रात्री अण्णांना फोन लावला. म्हटलं, “अण्णा, जुन्या गाडीतले काढून आणू का? जुना इंजेक्टर घ्यायला भीती वाटते.”

“नोझल जुनं का नवं ते नंतर बघ गं. आधी ती गाडी कशानं मेली ते विचार.”

आपल्याकडे कुर्ल्याला किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात पार्ट मिळतो तो सुटा, गाडीपासून वेगळा झालेला. तो कुठल्या गाडीतून आला, ती कशी चालत होती, हे फक्त दुकानदाराला माहीत. ओळखीचा दुकानदार हीच तिथली गॅरंटी. इथल्या जंकयार्डात मात्र ती गाडीच समोर उभी असते. दारात दोन डॉलर द्यायचे, आपली हत्यारांची पेटी घेऊन आत जायचं आणि हवा तो पार्ट स्वतः खोलून आणायचा. गाड्या कंपनीवार रांगांत, चाकांच्या रिमा वेल्ड करून केलेल्या स्टँडांवर उचलून ठेवलेल्या. तेल, पेट्रोल, कूलंट आधीच काढून घेतलेलं असतं. कोणती गाडी कोणत्या तारखेला आली आणि कोणत्या रांगेत आहे, हे यार्डच्या वेबसाइटवर दिसतं. काही आठवडे ती तिथं राहते, मग प्रेसखाली जाते. त्यामुळे नुकतीच आलेली गाडी गाठायची.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी गेले. बर्फ वितळून सगळीकडे काळा चिखल झाला होता. टोयोटाच्या रांगांत माझ्या पिढीच्या, म्हणजे 1997 ते 2001 च्या, तीन कॅमरी सापडल्या. तिन्हींत चार सिलिंडरचं तेच इंजिन.

पहिली बाहेरून अगदी चकचकीत, कुठं पोचा नाही. तिच्याकडे माझा हात जाणार होता. पण अपघात नाही, गंज नाही, तर ही इथं का आली? ऑइलचं झाकण उघडलं तर आत दुधावरच्या सायीसारखा थर. ऑइलमध्ये पाणी गेलेलं. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या डोक्याखालचं सील, गेलं असणार आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या वर गेला असणार. अशी गाडी मालकाच्या अंगणात किती महिने पडून होती कुणास ठाऊक. पडून राहिलेल्या गाडीत पेट्रोल सुकून चिकटा होतो आणि तो नेमका इंजेक्टरच्या बारीक भोकांत बसतो. इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, ते पाणी ओढून घेतं, म्हणजे आतून गंजही. दुसरीचा पेट्रोलचा पाइप सैल केला तर जुन्या वॉर्निशसारखा आंबूस वास आला. तिलाही सोडलं.

तिसरी मागून पार चेपलेली. डिकी मागच्या सीटपर्यंत आत आलेली, पुढचा भाग शाबूत. म्हणजे धडक बसली त्या क्षणापर्यंत हिचं इंजिन चालू होतं. काचेच्या वरच्या कोपऱ्यात ऑइल बदलल्याचं स्टिकर होतं, नोव्हेंबरचं. ग्लव्ह बॉक्समध्ये एक छोटी वही मिळाली. निळ्या पेननं, किंचित थरथरत्या अक्षरात, 2003 पासूनचा प्रत्येक ऑइल चेंज, प्रत्येक फिल्टर, मैल आणि तारखेसकट लिहिलेला. मधल्या एका पानावर फक्त ‘फ्युएल फिल्टर’ आणि त्याखाली दोन रेघा. त्या बाईंचं किंवा आजोबांचं काय झालं असेल, या विचारानं मी क्षणभर तशीच बसून राहिले. मग वही जागेवर ठेवली आणि पान्याला हात घातला.

काढताना घाई करायची नाही. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण यार्डवाल्यांनी टाकी रिकामी केली तरी रेलमध्ये, म्हणजे चारही इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या दांडीत, पेट्रोल उरतं आणि ते तोंडावर उडतं. पेट्रोलच्या नळीचा पोकळ बोल्ट चिंधी धरून हळूहळू सैल केला. इंजेक्टरच्या वायरीच्या प्लगची क्लिप दाबून काढायची, वायर ओढायची नाही. पंचवीस वर्षांचं प्लॅस्टिक बिस्किटासारखं तुटतं. एकेक इंजेक्टर पक्कडीनं उपटण्यापेक्षा रेलचे बोल्ट काढून रेल चारही इंजेक्टरांसकट वर उचललेली बरी. इंजेक्टरच्या अंगावरचा डेन्सो या कंपनीचा नंबर माझ्या जुन्या इंजेक्टरशी ताडून पाहिला. नुसता आकार सारखा असून चालत नाही, आत किती पेट्रोल सुटतं ते नंबरवरून ठरतं. चारही एकाच गाडीचे घेतले. एक इकडचा एक तिकडचा असं केलं की सिलिंडरांना कमीजास्त पेट्रोल मिळतं आणि थरथर कायम राहते. काउंटरवर चाळीस डॉलर दिले.

घरी मल्टिमीटरवर चारही 14 च्या अगदी जवळ. पण कॉइल चांगली म्हणजे फवारा चांगला असं नाही. लहानपणी दुकानात मी नोझल तपासायच्या टेस्टरसमोर तासन्‌तास उभी राहायचे. अण्णा दांडा दाबायचे, दाबाचा काटा चौरस सेंटिमीटरला दोनशे किलोजवळ गेला की नोझल करकरायचं आणि धुक्यासारखा फवारा सुटायचा. टोकाला थेंब लोंबला की नोझल बाद. हात जवळ नेला की अण्णा जोरात ओरडायचे, कारण त्या दाबानं डिझेल कातडीतून आत घुसतं. माझ्या कॅमरीत दाब जेमतेम तीन किलोचा आणि इंधन पेट्रोल, पण परीक्षा तीच: सगळ्यांचं माप सारखं, फवारा नीट, टोकाला थेंब नाही. हे घरच्या गॅरेजमध्ये पेट्रोल उडवून करायचं काम नव्हे. चारही इंजेक्टर अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी) सफाई आणि फ्लो टेस्टसाठी, म्हणजे किती पेट्रोल सुटतं ते मोजायला, पाठवले, एकाचे वीस डॉलर. आठवड्यानं परत आले, नव्या जाळ्या आणि नवे ओ-रिंग (रबरी कड्या) घालून. सोबतच्या कागदावर सफाईच्या आधीचे आणि नंतरचे आकडे होते. सफाईनंतर चौघांत नावालाच फरक.

म्हणजे टपालखर्च आणि दारातले दोन डॉलर सोडून एकशे वीस डॉलर. नकली मालाच्या जवळजवळ तिप्पट, पण डीलरकडच्या दीड इंजेक्टरच्याही आत. ज्याला वेळ नाही त्यानं नवे अस्सल घ्यावेत. न तपासलेले जुने मात्र कुणीही घालू नयेत, कितीही स्वस्त मिळोत.

एक चूक माझ्याकडून झाली. पोकळ बोल्टचे जुनेच वॉशर परत वापरले. चावी नुसती ऑन करून पाहिलं तेव्हा काही गळलं नाही. इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात वास आला. टॉर्च लावली तर बोल्टच्या कडेला ओल. तिथल्या तिथे इंजिन बंद केलं, नवे वॉशर आणले आणि मगच पुन्हा किल्ली फिरवली. तापलेल्या इंजिनावर गळणाऱ्या पेट्रोलशी खेळ नको. हे वॉशर एक-दोन डॉलरचे असतात, आधीच आणून ठेवा.

अण्णांना व्हिडिओ कॉल करून फोन बॉनेटखाली धरला. बराच वेळ ते नुसते ऐकत राहिले. मग म्हणाले, “चारी एका सुरात हायत. जुन्यांतले तीन चांगले हायत न्हवं? पुसून, तेलाचा हात लावून, चिठ्ठी घालून ठेव. गाडी किती चालली ते पण लिही त्यावर.”

लिहिलंय. 1999, 5एस-एफई, दोन लाख अकरा हजार मैल, एक-तीन-चार नंबर चांगले, दोन नंबर बाद.