होम सर्व्हर अपडेट: चोर सापडला, आणि तो डिस्कमध्ये नव्हताच

मागच्या वेळी लिहिलं होतं तोच त्रास. लाईट गेली की जुन्या डेस्कटॉपचा सर्व्हर परत उठताना भलतंच काहीतरी बोलतो, कधी ग्रब रेस्क्यूचा काळा प्रॉम्प्ट (ग्रब म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम), कधी सरळ इनिटरॅमएफएसमध्ये, म्हणजे बूटच्या सुरुवातीच्या तात्पुरत्या सिस्टिममध्ये, नेऊन सोडतो. आज कारण हातात आलंय आणि मी इतकी खूश आहे की बॅकअप स्क्रिप्टचं सगळं पुढच्या वेळी, आधी हे.

नव्याने आलेल्यांसाठी एक गोष्ट पटकन. मशीन धाडकन बंद पडल्यावर ईएक्सटी4 (लिनक्सची फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची व्यवस्था) 'रिकव्हरिंग जर्नल' म्हणालं तर घाबरू नका, जर्नल (बदलांची नोंदवही) त्याचसाठी असतं, अर्धवट राहिलेली नोंद पूर्ण करून ते पुढे जातं. 'क्लिअरिंग ऑर्फन्ड आयनोड' (आयनोड म्हणजे फाइलची नोंद) पण तसंच, डिलीट झालेली पण तेव्हा उघडी असलेली फाइल साफ होतेय एवढाच अर्थ.

माझ्याकडे यायचं ते वेगळं. 'अनएक्स्पेक्टेड इनकन्सिस्टन्सी, रन एफएससीके मॅन्युअली' (एफएससीके म्हणजे फाइलसिस्टिम तपासून दुरुस्त करणारा प्रोग्रॅम, तो हाताने चालवा), तेही सगळं कॅपिटलमध्ये. हे वाचलं की कुणालाही डिस्कच गेली असं वाटणार. पण स्मार्ट रिपोर्ट (डिस्क स्वतःच्या तब्येतीचा देते तो) स्वच्छ होता, खराब म्हणून बदललेले सेक्टर (रीअलोकेटेड) शून्य, संशयित (पेंडिंग) शून्य, केबलवरचे सीआरसी एरर पण शून्य. हाताने एफएससीके चालवला की एकच प्रश्न विचारायचा, वाय दाबलं की मशीन गुमान चालू. डिस्क खराब असती तर इतक्या सहज सुटका झाली नसती, आणि मला तेच खटकत होतं.

मग त्या कॅपिटल ओळीच्या वरची ओळ नीट वाचली. 'सुपरब्लॉक लास्ट माउंट टाइम इज इन द फ्युचर', म्हणजे फाइलसिस्टिमच्या नोंदीत शेवटच्या माउंटची (सिस्टिमला जोडल्याची) वेळ भविष्यातली, आणि सोबत कंसात दोन तारखा, एक शेवटच्या माउंटची आणि एक 'नाऊ'. नाऊमध्ये 1 जानेवारी 2009! म्हणजे फाइलसिस्टिम धडधाकट होती, घड्याळ मागे गेलं होतं. एफएससीके एखाद दिवसाचा फरक स्वतःहून सांभाळून घेतो पण वर्षांचा फरक दिसला की बूटच्या वेळी आपणहून दुरुस्त करत नाही, माणसाला बोलावतो. आणि ते बरोबरच आहे.

पण एरवी घड्याळ बरोबर कसं असायचं? इथे खरी मजा आहे. वायर भिंतीत असेपर्यंत एसएमपीएसचा (कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायचा) 5 व्होल्ट स्टँडबाय चालू असतो आणि बोर्डावरचं घड्याळ त्याच्यावर चालतं, बोर्डावरचा घड्याळ जपणारा सेल मेलेला असला तरी कळत नाही. वर एनटीपी (नेटवरून वेळ घेणारी सोय) बूट झाल्या झाल्या वेळ सुधारतं, आणि सिंक असेल तर कर्नल (लिनक्सचा गाभा) साधारण दर 11 मिनिटांनी तीच वेळ बोर्डाच्या घड्याळात लिहितो. सगळं झाकलेलं! उघडं पडतं ते फक्त भिंतीतलीच वीज गेल्यावर.

खात्री करायला रीतसर शटडाऊन केलं, सगळं अनमाउंट होऊ दिलं, मग वायर काढून रात्रभर ठेवलं. सकाळी चालू केलं तर तोच एरर!! म्हणजे चुकीच्या शटडाऊनचा यात काही संबंधच नव्हता, उगाच त्याच्या नावावर बिल फाडलं जात होतं.

ग्रब रेस्क्यूचं कोडं पण याच धाग्याला लागून सुटलं. सेल गेला की नुसतं घड्याळ जात नाही, बायोसची (बोर्डाच्या स्वतःच्या प्रोग्रॅमची) सेटिंगही जाते. बूट ऑर्डर डिफॉल्टला गेली की बोर्ड आधी डेटा डिस्क धरतो, आणि ती डिस्क पूर्वी दुसऱ्या मशीनमध्ये असल्यामुळे तिच्या एमबीआरमध्ये (डिस्कच्या अगदी पहिल्या भागात) जुना ग्रब तसाच पडून आहे, तो आपलं हरवलेलं पार्टिशन शोधत बसतो. 'सीमॉस चेकसम बॅड' (सेलवर जपलेली सेटिंग बिघडली) हा मेसेज येत असणारच असं वाटलं, पण मॉनिटर जागा होईपर्यंत वर लोगो येऊन बसतो. म्हणून मोबाईल स्टँडवर लावून स्लो मोशनमध्ये बूट शूट केलं आणि फ्रेम फ्रेम पुढे नेत गेले. सापडला! लोगोच्या आधी, वरच्या कोपऱ्यात, जेमतेम डोळा लवेपर्यंत. तो फ्रेम मी जपून ठेवलाय.

सेल सीआर2032, 3 व्होल्टचा. सुटा मोजला तर 2.7 दाखवतो, ठीक वाटतो. होल्डरमध्येच ठेवून, वायर काढून मोजला तर 2.3. त्यामुळे सेल कायम लोडवरच, म्हणजे बोर्डाला जोडलेला असताना, मोजा. आणि नवा घेताना पाकिटावरची तारीख बघून नावाजलेल्या कंपनीचाच घ्या, सुटे बिननावाचे सेल अजिबात नको. मल्टिमीटर मात्र साधा असला तरी चालतो.

नवा सेल टाकला, बायोसमध्ये लोगो बंद केला, आणि डेटा डिस्कवरही आत्ताचाच ग्रब इन्स्टॉल केला म्हणजे बोर्डाने कुठलीही डिस्क धरली तरी मशीन उठेल. परत रात्रभर वायर काढून ठेवली, सकाळी घड्याळ बरोबर, बूट सरळ लॉगिनपर्यंत. किती बरं वाटलं सांगू!

आता डिस्क बदलून नवीन एसएसडी घ्यायचा बेत मागे टाकतेय, त्याची गरजच उरली नाही. ते पैसे यूपीएसला. यूएसबी पोर्ट असलेलाच घेणार, कारण नुसता बॅटरीवर चालणारा यूपीएस चार्ज संपला की मशीन धाडकनच बंद पाडतो, यूएसबी असेल तर नट (यूपीएसवर लक्ष ठेवणारा प्रोग्रॅम) त्याच्याशी बोलून वेळेत शटडाऊन करवतं. आणि लिहिता लिहिता सुचलं, या बोर्डावर कॉम (सीरियल) पोर्टचा हेडर, म्हणजे केबल जोडायच्या पिना, आहे, तिथून सीरियल कन्सोल (स्क्रीनवरचे मेसेज केबलने बाहेर पाठवायची सोय) काढला तर ग्रबपासून पुढचे सगळे मेसेज दुसऱ्या मशीनवर लॉग होतील, बायोसचे नाही आले तरी. म्हणजे आधी ती केबल, मग यूपीएस. हेडरच्या पिनांची रचना दोन प्रकारची असते, तुमच्यापैकी कुणी जुन्या बोर्डावर जोडलं असेल तर कुठली चालली ते सांगा, उद्या मल्टिमीटर लावून मी पण तपासणार आहे.