कागदावरचा भागीदार: कॉक्स बाजारहून

बांगलादेशातील कॉक्स बाजारच्या विमानतळापलीकडे नाझिरारटेक ही सुकवलेल्या मासळीची वस्ती आहे. वारा त्या बाजूने सुटला की आमच्या भाड्याच्या घराच्या गच्चीवर बोंबलांचा वास भरून राहतो. येथे बोंबलाला लोइट्टा म्हणतात आणि सुक्या मासळीला शुटकी. माझे आजोळ अलिबागजवळचे असल्यामुळे मला त्या वासाचा त्रास होत नाही. माझ्या युरोपीय सहकाऱ्यांना होतो, म्हणून ते किनाऱ्यालगतच्या कलातली भागात, हॉटेलांच्या रांगेत राहतात. ज्या स्थानिक संस्थांच्या कामाचा मी अभ्यास करते त्यांची कार्यालये मात्र जुन्या गावात, अरुंद जिन्यांच्या इमारतींमध्ये आहेत, आणि तेथे जायला टमटम, म्हणजे बॅटरीवर चालणारी रिक्षा, हेच सोयीचे वाहन आहे.

माझे काम मूल्यमापनाचे. एका आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेने रोहिंग्या निर्वासितांच्या मदतकार्यात येथील तीन स्थानिक संस्थांबरोबर काही वर्षे काम केले आहे. ही भागीदारी न्याय्य होती का, हे मी तपासून सांगायचे आहे. गावाकडे फोनवर हे सांगितले तेव्हा मावशीने विचारले, "म्हणजे पैसे खाल्ले का ते बघायचे ना?" तसे नाही. पैसे कोणी खाल्ले नाहीत, हिशेब चोख आहेत, आणि तरीही काहीतरी बिघडलेले असू शकते.

२५ ऑगस्ट २०१७ नंतरच्या काही महिन्यांत सात लाखांहून अधिक रोहिंग्या म्यानमारमधून बांगलादेशात आले. पहिल्या दिवसांत त्यांना भात, पाणी आणि अंगण दिले ते उखिया आणि टेकनाफच्या गावकऱ्यांनी आणि तेथील लहान संस्थांनी. रोहिंग्यांची बोली चितगावच्या बोलीला इतकी जवळची आहे की येथील कार्यकर्त्यांना निर्वासितांशी सरळ बोलता येत होते, तर ढाक्याहून आलेल्यांनाही दुभाष्याचा आधार घ्यावा लागे. काही आठवड्यांतच आंतरराष्ट्रीय संस्थांची मोठी गर्दी झाली, आणि याच बोली जाणणाऱ्या कार्यकर्त्यांना कित्येक पट पगार देऊन त्यांनी आपल्याकडे घेतले. ज्या संस्थेने त्यांना घडवले तिच्याकडे नवी मुले आली. मग त्या संस्थेची 'क्षमता कमी' असल्याचा अहवाल लिहिला गेला आणि तिच्यासाठी क्षमताबांधणीची कार्यशाळा भरवण्यात आली. मी हे विनोदाने लिहीत नाही; घटनाक्रम खरोखरच असा आहे.

तत्त्वांची उणीव मुळीच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आणि बिगरसरकारी संस्थांच्या एकत्रित मंचाने २००७ मध्ये समानता, पारदर्शकता, परिणामाभिमुखता, जबाबदारी आणि परस्परपूरकता ही भागीदारीची पाच तत्त्वे मान्य केली. मे २०१६ मध्ये इस्तंबूलच्या जागतिक परिषदेत मोठे देणगीदार आणि मोठ्या संस्था यांनी 'ग्रँड बार्गेन' नावाचा करार केला, आणि २०२० पर्यंत मदतनिधीचा किमान २५ टक्के भाग स्थानिक व राष्ट्रीय संस्थांकडे 'शक्य तितक्या थेट' पोहोचवण्याचे ठरवले. मुदत संपली तेव्हा खऱ्या अर्थाने थेट जाणारा जगभरचा निधी एक आकडी टक्क्यांतच होता. 'शक्य तितक्या' या दोन शब्दांत मध्ये एक मध्यस्थ असला तरी चालेल अशी सोय करून घेण्यात आली, आणि मध्यस्थ बहुधा तीच मोठी संस्था असते जिने करारावर सही केली आहे.

अशा भागीदारीचे मूल्यमापन बहुतेक वेळा प्रश्नावलीने होते. 'तुम्हाला निर्णयप्रक्रियेत सहभागी करून घेतले जाते का?' यासाठी एक ते पाच गुण. तिन्ही संस्थांनी मला चार किंवा पाच गुण दिले. पुढच्या वर्षीचा निधी ज्याच्या हातात आहे त्याने पाठवलेल्या बाईला कोण दोन गुण देईल? येथे माझ्यासारख्या बाईला आपा म्हणतात. चहा पिताना एका संस्थेचे ज्येष्ठ संचालक म्हणाले, "आपा, तुम्ही कागद मागा. कागद घाबरत नाही." त्या दिवसापासून मी प्रश्नावली बाजूला ठेवली आणि कागद मागायला सुरुवात केली.

पहिला कागद प्रस्तावाचा. स्थानिक संस्थेने तो पहिल्यांदा कधी पाहिला, हे ईमेलच्या तारखांवरून कळते. एका प्रकल्पात तो देणगीदाराकडे जाण्याच्या दोन दिवस आधी 'अभिप्रायासाठी' आला होता. अंदाजपत्रक ठरले होते, गावे ठरली होती, शौचालयांची संख्याही ठरली होती. अभिप्राय देण्यासारखे उरले होते ते शब्दलेखन.

दुसरा कागद अंदाजपत्रकाचा, आणि येथे मला सर्वांत जास्त दिवस लागले. कोणत्याही संस्थेला प्रकल्पाबाहेरचा खर्च असतो: कार्यालयाचे भाडे, हिशेबनीस, ऑडिट, संगणक, दोन प्रकल्पांमधल्या रिकाम्या महिन्यांचे पगार. यासाठी देणगीदार एकूण रकमेच्या काही टक्के वेगळे देतात. मोठ्या संस्थांमध्ये हा आकडा साधारण सात टक्क्यांच्या आसपास असतो. प्रत्यक्ष काम स्थानिक संस्थेकडे सोपवल्यावर ही टक्केवारी पुढे वाटून द्यायची की स्वतःकडे ठेवायची, हे वरची संस्था ठरवते. मी पाहिलेल्या तीन करारांपैकी एकात ती अर्धी वाटली होती, एकात नाममात्र होती आणि एकात त्या ओळीसमोर शून्य होते. शून्याचा अर्थ असा की हिशेबनिसाचा पगार कोठून तरी दुसरीकडून भागवायचा, आणि तसा तो भागवला की ऑडिटमध्ये तोच दोष म्हणून नोंदला जातो.

तिसरा कागद परवानगीचा. बांगलादेशात परदेशी निधीच्या प्रकल्पाला सरकारच्या एनजिओ ब्यूरोची मान्यता लागते. रोहिंग्यांसाठीच्या मदतकार्यात एफडी-७ नावाचा अर्ज सर्वांच्या तोंडी असतो. सुरुवातीच्या काळात ही मान्यता काही महिन्यांपुरतीच मिळे आणि पुढच्या मान्यतेपर्यंत काम अधांतरी राहत असे. या मधल्या दिवसांचे पगार वरची संस्था देत नव्हती, कारण तिच्या लेखी प्रकल्प सुरूच झालेला नव्हता. कार्यकर्त्यांना घरी पाठवले तर ते परत येत नाहीत, म्हणून स्थानिक संस्था उसनवारी करून त्यांना टिकवत असे. अहवालात मात्र 'कर्मचाऱ्यांचे सातत्य चांगले' असे वाक्य दिसते, आणि ते सातत्य कोणाच्या खिशातून आले हे दिसत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने आपली परदेशी मदत अचानक थांबवली तेव्हा धोका कोणाच्या वाट्याला जातो हे उघड झाले. आंतरराष्ट्रीय संस्थांनाही मोठा फटका बसला, त्यांचीही माणसे कामावरून गेली, हे मान्य केलेच पाहिजे. पण एका स्थानिक संस्थेला आलेले पत्र मी वाचले आहे: काम त्याच दिवशी थांबवावे, आणि त्यानंतरचा कोणताही खर्च मान्य होणार नाही. मुलांच्या शिक्षण केंद्राच्या जागेचे पुढच्या तीन महिन्यांचे भाडे करारानुसार त्यांनाच भरावे लागले. ज्या दोन पक्षांपैकी एकच पक्ष करार एका ओळीत मोडू शकतो, त्यांच्या नात्याला मी भागीदारी म्हणू शकत नाही. मराठीत त्याला पोटकंत्राट असा चांगला जुना शब्द आहे, आणि तो मी मसुद्यात वापरला.

भारतात हा प्रश्न कायद्याने वेगळ्याच दिशेला नेला आहे, हे संस्थांत काम करणाऱ्या वाचकांना माहीत आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यातील (एफसीआरए) सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी घेणारी संस्था ती दुसऱ्या संस्थेला पुढे देऊ शकत नाही. मुंबई-पुण्याच्या मोठ्या संस्थेमार्फत एखाद्या लहान संस्थेपर्यंत परदेशी निधी पोहोचण्याची वाटच त्यामुळे बंद झाली. येथील सहकाऱ्यांना मी हे सांगितले तेव्हा त्यांचा विश्वास बसला नाही.

हे सारे लिहिताना स्थानिक संस्था म्हणजे गरीब बिचाऱ्या आणि परदेशी संस्था म्हणजे सावकार, असे चित्र उभे राहू नये. मुळात 'स्थानिक' कोण यावरच येथे वाद आहे: ढाक्यातील मोठी संस्था करारांच्या भाषेत राष्ट्रीय ठरते, पण उखियाच्या कार्यकर्त्याला ती लंडनच्या संस्थेइतकीच दूरची वाटते. तीनपैकी एका संस्थेच्या कार्यकारिणीत एकाच घरातील माणसे होती. दुसरीने मला आपली पगारपत्रके शेवटपर्यंत दाखवली नाहीत. वरच्यांकडून जी पारदर्शकता ती मागते, तीच खालच्यांना देत नाही. आणि छावणीत प्रत्यक्ष घाम गाळणारे रोहिंग्या तर या चौकटीत कोठेच बसत नाहीत. त्यांना नोकरी करण्याची परवानगी नसल्याने ते ठरलेल्या भत्त्यावर 'स्वयंसेवक' म्हणून काम करतात, आणि माझ्या कामाच्या अटींमध्ये त्यांच्याशी बोलण्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवलेला होता. मी तो दोन दिवसांचा करून घेतला. त्यापेक्षा जास्त जमले नाही, हे माझ्या अहवालाचे उणेपण आहे.

मसुदा अर्थातच आधी मला नेमणाऱ्या संस्थेकडे गेला. सतरा अभिप्राय आले. त्यांपैकी बारा उपयोगी होते आणि दोन ठिकाणी माझी बेरीज चुकली होती. एका अभिप्रायात पोटकंत्राटाऐवजी 'विकसित होत असलेली भागीदारी' असे लिहावे, असे सुचवले होते. मी मूळ शब्द ठेवला आणि त्याखाली तिन्ही करारांतील करार मोडण्याची कलमे जशीच्या तशी जोडली.

अहवाल इंग्रजीत आहे. बांगला प्रत कधी मिळेल, असे त्या ज्येष्ठ संचालकांनी विचारले तेव्हा लक्षात आले की अंदाजपत्रकात भाषांतराची ओळच नाही, आणि कामाच्या अटी वाचताना हे माझ्याही ध्यानात आले नव्हते. गेल्या शुक्रवारी, म्हणजे येथील सुट्टीच्या दिवशी, त्यांची हिशेबनीस मुलगी आणि मी त्यांच्या कार्यालयात बसून निष्कर्षांची आठ पाने बांगलात उतरवली. पोटकंत्राटासाठी तिला शब्द शोधावा लागला नाही. 'ठिकादारी', ती म्हणाली, आणि पुढच्या ओळीकडे वळली.