फ्रेडरिक्सबर्गचा गडगा

फ्रेडरिक्सबर्गला पोचेपर्यंत माझा निम्मा उत्साह महामार्गावरच संपला होता. वॉशिंग्टनपासून जेमतेम पन्नास मैलांचे अंतर, पण शुक्रवारी दुपारी आय-९५ वर गाडी घातल्यामुळे तीन तास लागले. सकाळी लवकर निघावे, हा सल्ला मी इतरांना नेहमी देतो. या वेळी तो भाच्याने मला दिला होता आणि मी तो मानला नव्हता. आदले दोन दिवस गेटिसबर्गमध्ये गेले. तिथल्या गर्दीविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

मला पाहायचे होते ते १३ डिसेंबर १८६२ चे मैदान. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेची आयरिश ब्रिगेड, म्हणजे मुख्यतः आयरिश स्थलांतरितांची फौज, त्या दिवशी इथल्या मरीज हाइट्स नावाच्या टेकडीवर चालून गेली होती. ते मैदान आता नाही. कालव्यापासून टेकडीच्या पायथ्याच्या दगडी भिंतीपर्यंत साधारण चारशे यार्डांची जी उघडी चढण होती, तिच्यावर आज घरे, कुंपणे आणि गराज आहेत. कालव्यावरून तर चक्क रस्ता गेला आहे. भिंतीकडे पाठ करून मी शहराच्या दिशेने चालू लागलो, तेव्हा जिथे जखमी माणसांनी थंडीत आडवे पडून रात्र काढली, तिथे कचऱ्याचे डबे ओळीने उभे होते आणि एक गृहस्थ नळीने गाडी धूत होते. मला राग आला. कोणावर, ते सांगता येत नाही, कारण माणसांनी कुठेतरी राहायलाच हवे. पण राग आला, हे खरे.

ब्रिगेडमध्ये न्यूयॉर्कच्या ६३, ६९ आणि ८८ क्रमांकांच्या रेजिमेंटांबरोबर २८ वी मॅसॅच्युसेट्स आणि ११६ वी पेनसिल्व्हेनिया अशी पाच पथके होती. ही ब्रिगेड उभी करणारे थॉमस फ्रान्सिस मार हे १८४८ च्या आयर्लंडमधील उठावाचे पुढारी. इंग्रजांनी त्यांना आधी फाशीची शिक्षा सुनावली, मग टास्मानियाला हद्दपार केले आणि तिथून निसटून ते न्यूयॉर्कला पोचले. त्यांच्या बऱ्याच शिपायांकडे गुळगुळीत नळीच्या जुन्या बंदुका होत्या. एका काडतुसात एक मोठी गोळी आणि छर्रे असत, त्यामुळे जवळून मारा भयंकर होई आणि लांबून जवळजवळ निरुपयोगी ठरे. अशी बंदूक घेऊन चारशे यार्ड उघड्यावर चालत जायचे म्हणजे काय, हे त्या गल्लीत उभे राहिल्यावरच मला नीट कळले. न्यूयॉर्कच्या रेजिमेंटांचे फाटके हिरवे ध्वज परत पाठवलेले होते आणि नवे आले नव्हते, म्हणून प्रत्येकाने टोपीत बॉक्सवूडच्या झुडपाची हिरवी डहाळी खोचली होती. सुमारे १२०० जण गेले आणि त्यांतले ५४५ मारले गेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. पुढच्या जुलैत गेटिसबर्गच्या लढाईत ही ब्रिगेड उतरली, तेव्हा तिच्यात जेमतेम ५३० माणसे उरली होती. तिथे त्यांच्या स्मारकाच्या क्रुसाखाली एक आयरिश शिकारी कुत्रा मान टाकून पडलेला आहे. तो घडवणारा शिल्पकार ओडोनोव्हन स्वतः दक्षिणेच्या सैन्यात होता.

ती भिंत म्हणजे आपल्या कोकणातला गडगाच, फक्त छातीइतका उंच आणि मागे खोलगट रस्ता असलेला. मूळ बांधकामाचा एक तुकडा अजून शाबूत आहे. त्याच्याआड दक्षिणेच्या बाजूचे जॉर्जिया राज्यातले सैनिक अनेक रांगांत उभे होते. मागच्यांनी बंदुका भरून द्यायच्या आणि पुढच्यांनी झाडायच्या. त्यांचे सेनापती कॉब तिथेच प्राणघातक जखमी झाले आणि सूत्रे ज्यांच्याकडे गेली, ते कर्नल मॅकमिलन जन्माने आयरिश होते. उत्तरेचा एकही शिपाई त्या गडग्यापर्यंत पोचला नाही.

आता त्याच टेकडीवर उत्तरेच्या सैनिकांची राष्ट्रीय दफनभूमी आहे. आसपासच्या सगळ्या रणभूमींवरून गोळा करून आणलेले १५,००० हून अधिक सैनिक तिथे पुरले आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांची नावे माहीत नाहीत. अनामिकांच्या डोक्याशी वीतभर उंचीचे चौकोनी दगड आहेत आणि प्रत्येकावर दोन आकडे कोरले आहेत. वरचा आकडा रेजिमेंटचा असणार, असे स्वतःच ठरवून मी ६९, ८८ आणि ६३ शोधत अर्धा तास पायऱ्यापायऱ्यांच्या त्या उतारावर हिंडलो. एकदा तर टोपीही काढली. शेवटी भाच्याने फलक वाचून आणला.

"मामा, वरचा नंबर खड्ड्याचा आहे. खालचा, आत किती जण आहेत त्याचा."

माझ्या बुटाजवळच्या दगडावर खाली ६ होता. मी पाय मागे घेतला.