नकाशात 800 मीटर, पायाखाली अडीच किलोमीटर

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, सह्याद्रीच्या उतारावरचं गाव आहे. वरच्या वाडीतली शाळा पट कमी म्हणून बंद झाली आणि तिथली चार पोरं आमच्याकडे आली. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत सरळ लिहिलंय, पहिली ते पाचवीसाठी 1 किमीच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी 3 किमीच्या आत शाळा पाहिजे, नसेल तर शासनाने पोरांच्या येण्याजाण्याची सोय करायची. त्यासाठी समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वाहतूक भत्ता मिळतो, पैसे केंद्राचे 60 टक्के आणि राज्याचे 40. आमच्याकडे तेव्हा महिन्याला 300 रुपये होता, तोही पोराचं आधार आणि बँक खातं जुळलं तर.

जुलैमध्ये भत्त्यासाठी पाठवलेली यादी परत आली आणि आमची चारही पोरं अपात्र!! कारण काय तर अंतर 800 मीटर. नकाशावर या शाळेपासून त्या वाडीपर्यंत सरळ रेघ मारली होती. मधे ओढा आहे हे रेघेला कुठून दिसणार.

मला रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर पोरांबरोबरच निघाले, मोबाईलवर अंतर मोजायचं ॲप चालू केलं. पाऊस धो धो. ओढ्यावरचा साकव, म्हणजे छोटा पूल, आदल्या वर्षीच वाहून गेलाय त्यामुळे पावसाळ्यात वरच्या बंधाऱ्यावरून वळसा घालून जावं लागतं. दुसरीतली पोरगी पुढे, चपला हातात आणि दप्तर खताच्या पिशवीत गुंडाळलेलं, आणि मलाच सांगतेय की बाई इथं पाय नका ठेवू, शेवाळ आहे. सात वर्षांचं लेकरू रोज हे चालतं आणि मी सकाळी उशीर झाला म्हणून तिला बोलायचे, हे आठवून फार वाईट वाटलं.

वाडीत पोचले तेव्हा मोबाईलवर 2.6 किमी झाले होते. तिची आई म्हणाली, "बाई, ओढ्याला पाणी चढलं की आम्ही धाडत न्हाई, तेवढी गैरहजेरी लावू नका." काय बोलणार मी.

वडापवाला, म्हणजे शेअर जीपवाला, एका वेळचे दहा घेतो, म्हणजे दिवसाचे वीस. 300 रुपये शाळेच्या दिवसांवर वाटले तर दिवसाला साडेबारा-तेराच पडतात, आणि ते पण हातात उशिरा येतात, वडापवाल्याला मात्र शनिवारी पैसे लागतात. मुलींना एसटीचा मोफत पास आहे पण तो पाचवीपासून, आणि या रस्त्याला एसटी येतच नाही.

त्याच आठवड्यात सरपंच आणि पोलीस पाटील यांना घेऊन परत तो रस्ता चाललो, साकवाचे फोटो काढले, दोघांच्या सह्या घेतल्या आणि नवीन प्रस्ताव दिला. त्यात नियमाचा आधारही लिहिला, दरी, पूर, रस्ता नसणं असे अडथळे असतील तर अंतराची मर्यादा कमी करता येते असं नियमातच आहे, पण रकाने भरताना ते कोणी बघत नाही. केंद्रप्रमुख सरांनी वाचून स्वतः पाठपुरावा केला त्यांचे खरंच आभार. नावं यादीत आली. पैसे फेब्रुवारीत जमा झाले, तोपर्यंत वडापवाल्याचे आम्ही दोघा शिक्षकांनी भागवले.

यंदा परत यादी मागवलीय. अंतराच्या रकान्यात 2.6 लिहिलंय आणि साकवाचे फोटो नवीन काढून जोडलेत, कारण साकव अजून झालेला नाही.