ठाणे खाडीच्या पक्षीनोंदी: पोस्टग्रेस १३ वरून थेट १८

सद्यस्थिती: पक्षीनोंदी ठेवणारं आमचं डेटाबेस सॉफ्टवेअर पोस्टग्रेस आता १३ ऐवजी आवृत्ती १८ वर चालतंय, ऐरोली आणि तळवे पाणथळीचे नकाशे उघडतायत, जुन्या सीएसव्ही (साध्या तक्त्याच्या मजकूर फाइल) नोंदींच्या वेळा दुरुस्त करणं निम्मं बाकी आहे. तो वेळांचा घोळ सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून त्यावर जास्त लिहिलंय.

१३ चा सपोर्ट नोव्हेंबर २०२५ मध्ये संपला. मधल्या आवृत्त्यांवर थांबत जायची गरज नसते, १८ चं पीजी_अपग्रेड (जुना डेटा नव्या आवृत्तीवर नेणारी कमांड) ९.२ पासूनचा कुठलाही डेटा उचलतं. पण रिलीज नोट्स मात्र पाचही वाचाव्या लागतात: १४, १५, १६, १७, १८. प्रत्येकीत 'मायग्रेशन' नावाचा भाग असतो, तेवढा ओळ न ओळ वाचा. नव्या सुविधांची यादी नंतर चवीने वाचता येते.

काम पावसाळ्यात काढलं, कारण रोहित पक्ष्यांचे (फ्लेमिंगोंचे) थवे खाडी सोडून गेलेले असतात आणि नव्या नोंदी कमी येतात. तोटा एवढाच की लाइट जाण्याचा मोसमही तोच, तेव्हा यूपीएसशिवाय पीजी_अपग्रेडच्या लिंक पद्धतीला हात लावू नये. लिंकमध्ये फाइल्स कॉपी होत नाहीत, हार्डलिंक होतात, म्हणजे त्याच फाइलला दुसरं नाव मिळतं. त्यामुळे काम झटपट उरकतं, जागाही लागत नाही, पण नवा सर्व्हर एकदा सुरू झाला की जुना डेटा वापरण्यालायक राहत नाही. परतीची वाट म्हणजे फक्त बॅकअप. पीजी_डंपने प्रत्येक डेटाबेस आणि पीजी_डंपऑलने वापरकर्त्यांचे रोल-पासवर्ड असे दोन्ही घेतले. दुसरा बरेच जण विसरतात.

डेबियनवर १८ चं पॅकेज टाकलं की ते आपणहून '१८/मेन' हा रिकामा क्लस्टर (एका सर्व्हरखालचा डेटाबेसचा संच) ५४३३ पोर्टवर उभा करतं. तो काढून टाकला आणि नवा क्लस्टर बनवणारं इनिटडीबी हाताने चालवलं. काढताना आवृत्तीचा आकडा दोनदा वाचा, १३ चा क्लस्टरही त्याच कमांडने तितक्याच सहज उडतो.

पहिली अडचण चेकसमची, म्हणजे डिस्कवरचा डेटा बिघडला का ते पकडणाऱ्या पडताळणी आकड्याची. १८ मध्ये नवा क्लस्टर चेकसम चालू ठेवूनच बनतो, १३ मध्ये तसं नव्हतं, आणि दोन्हीकडे सारखं नसेल तर पीजी_अपग्रेड पुढे सरकत नाही. नव्यात बंद करण्यापेक्षा जुन्यात चालू केलेलं बरं: सर्व्हर नीट बंद करायचा आणि पीजी_चेकसम्स चालवायचं. प्रत्येक ब्लॉक वाचून पुन्हा लिहिला जातो, वेळ लागतो.

मग पीजी_अपग्रेडचा चेक पर्याय, जो काहीही न बदलता नुसती तपासणी करतो. त्यात दोन गोष्टी सापडल्या. एक, नकाशांसाठी लागणाऱ्या पोस्टजीआयएस या जोडणीची लायब्ररी १८ साठी टाकलेली नव्हती. जुन्याकडे ३ मालिकाच असल्याने पॅकेज टाकताच भागलं. २.५ असती तर आधी १३ वरच ३ वर यावं लागलं असतं, कारण लायब्ररीचं नावच बदललंय. दोन, ॲरे_अपेंड वापरून बनवलेलं, अनेक ओळींतून एक उत्तर काढणारं घरगुती ॲग्रिगेट. १४ पासून त्या फंक्शनचे डेटा-प्रकार बदललेत, म्हणून ते आधी काढायचं आणि नंतर नव्या प्रकारांनी बनवायचं.

चेकमध्ये न सापडणारी गोष्ट १७ मधली. मटेरियलाइज्ड व्ह्यू (क्वेरीचा साठवून ठेवलेला निकाल) रिफ्रेश होताना आता सर्च_पाथ (टेबलं कुठल्या स्कीमांत शोधायची ती यादी) आवळलेला असतो. महिन्यावार मोजणीच्या व्ह्यूमधलं फंक्शन पहिल्याच रिफ्रेशला 'टेबल नाही' म्हणून अडलं. फंक्शनवरच सर्च_पाथ लावला की सुटतं.

आता वेळ. जुन्या सीएसव्हीत '०६:४५ आयएसटी' असं लिहिलेलं असे. पोस्टग्रेसच्या डिफॉल्ट यादीत आयएसटी म्हणजे इस्रायलची वेळ, यूटीसीपुढे (जागतिक प्रमाणवेळेपुढे) दोन तास! त्यामुळे सकाळी पावणेसातची मोजणी आपल्या घड्याळाने सव्वादहाला झाल्यासारखी दिसते. भरती-ओहोटीच्या तक्त्याशी पडताळलं की उघड होतं: पक्षी चिखलात चरतायत आणि तक्ता पूर्ण भरती सांगतोय. रात्री साडेआठनंतरच्या नोंदी तर दुसऱ्या तारखेत जातात, म्हणजे रोजची मोजणीही चुकते.

१८ ने हा क्रम बदलला. आधी सेशनच्या टाइमझोनमधली लघुरूपं बघितली जातात, मग यादी. टाइमझोन एशिया/कोलकाता असेल तर तीच सीएसव्ही आता बरोबर वाचली जाते, म्हणजेच एका कॉलममध्ये अपग्रेडआधीच्या चुकीच्या आणि नंतरच्या बरोबर वेळा शेजारीशेजारी बसतात. शिवाय टाइमझोन यूटीसी असेल, जसा डॉकरच्या इमेजमध्ये असतो, तर १८ वरही इस्रायलच. नुसतं पीजी_अपग्रेड जुनी कॉन्फ फाइल आणत नाही, त्यामुळे टाइमझोनची ओळ सहज राहून जाते. आम्ही टाइमझोनबरोबर टाइमझोन_ॲब्रिव्हिएशन्सही 'इंडिया' केलं. ही यादी तयारच येते आणि जुन्या आवृत्त्यांतही चालते.

जुन्या ओळींतून साडेतीन तास वजा करायचे, पण सरसकट नाही. मोबाइलवरून आलेल्या नोंदींत +०५:३० असतं, त्या बरोबरच आहेत. मूळ फाइलमध्ये आयएसटी अक्षरं असलेल्याच ओळी घ्यायच्या आणि 'दुरुस्त' असा बुलियन कॉलम ठेवायचा, नाहीतर स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालली की सात तास गेले. कॉलमवर कॉमेंटही लिहून ठेवली. ती डंपमधूनही जाते, अपग्रेडमधूनही जाते, वेगळ्या फाइलसारखी हरवत नाही.

किरकोळ: १८ मध्ये प्लॅनरची (क्वेरीची वाट ठरवणाऱ्या भागाची) आकडेवारी अपग्रेडसोबतच येते, एक्स्टेंडेड सोडून. तरी व्हॅक्यूमडीबीने अ‍ॅनलाइझ करून घ्या. १५ ने पब्लिक स्कीमाचे हक्क आवळले, पण अपग्रेड केलेल्या डेटाबेसला जुनेच राहतात, ते हाताने काढले. एमडी५ या जुन्या पद्धतीने साठवलेले पासवर्ड अजून चालतात, पण जायच्या वाटेवर आहेत. बदलून घेतलेले बरे.

ओएस मुद्दाम बदललेली नाही. ठिकाणांची यादी आयसीयू या भाषा-लायब्ररीच्या मराठी क्रमाने लागते: कल्याण, कसारा, मग कळवा, कारण ळ हा ह नंतर. नुसत्या युनिकोड क्रमाने कळवा कसाऱ्याच्या आधी येतं. ओएसबरोबर आयसीयू किंवा ग्लिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) बदलली आणि क्रमाचा नियम सरकला, तर जुन्या क्रमाने रचलेल्या इंडेक्समध्ये असलेली ओळही सापडत नाही आणि युनिक इंडेक्समधून दुबार नोंद निसटते. इशारा येईलच असं धरू नका. डेबियन बदलाल त्या दिवशी मजकुराचे सगळे इंडेक्स रीइंडेक्स करा, मगच कोलेशनची (क्रमाच्या नियमांची) आवृत्ती रिफ्रेश करा. रिफ्रेश इंडेक्सला हात लावत नाही, फक्त इशारा बंद करतं. नंतर इंडेक्स तपासायला पीजी_अ‍ॅमचेक. आमच्याकडे हे काम पुढच्या हंगामाआधी करायचंय.