मेंटॉर म्हणून पहिलं वर्ष: माझा अनुभव

आमच्या बेळगावातल्या कॉलेजात मला पहिल्यांदा मेंटॉर, म्हणजे काही पोरांकडं लक्ष ठेवणारी मॅडम, केलं तेव्हा एक डायरी आणि बीकॉमच्या 24 पोरांची यादी हातात दिली, बस्स. महिन्यातून एकदा सगळ्यांना वर्गात गोळा करायचं, 75 टक्क्यांखाली अटेंडन्स असेल त्याला ओरडायचं, सह्या घ्यायच्या, पहिली सेमिस्टर मी एवढंच केलं. नॅकसाठी, म्हणजे कॉलेजांना ग्रेड देणाऱ्या संस्थेसाठी, रेकॉर्ड लागतं म्हणून डायरी मात्र पूर्ण भरलेली.

निकाल लागला आणि खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीकडची एक मुलगी तीन पेपरांत गेली. सगळ्यांसमोर विचारलं तर मान खाली. नंतर जिन्यात एकटी भेटली, काय झालं गं म्हटलं तर म्हणाली, "मॅडम, दहावीपर्यंत मराठी मीडियम की ओ, वर्गात विचारायला लाज वाटते." वर स्कॉलरशिप पण अडकलेली, एसएसपी या कर्नाटक सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलवर फॉर्म भरलेला पण बँक खात्याला आधार सीडिंगच नाही, म्हणजे पैसे जमा व्हायला आधार जोडलेलंच नाही. आणि माझ्या डायरीत तिच्या नावापुढे "काही अडचण नाही", खाली तिची सही. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

मग डिपार्टमेंटच्या सीनियर मॅडमना गाठलं. त्या म्हणाल्या, एकेकाला दहा मिनिटं भेट, अटेंडन्सचं आधी काढू नकोस, घरातून किती वाजता निघतोस, जेवतोस कुठं ते विचार. प्रिन्सिपल सरांकडं त्यासाठी टाइमटेबलमध्ये तास मागितला, त्यांनी शुक्रवारचा शेवटचा दिला, पण खानापूर-जांबोटीच्या पोरांची बस त्याच वेळेला, कोण थांबणार? तो बुधवारी दुपारी करून घेतला तेव्हा पोरं यायला लागली. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक या तासानं पडला, लेक्चरच्या मधे पळतापळता कोण मनातलं बोलतंय.

एका मुलाला रात्र रात्र झोप यायची नाही, घाबरा झालेला. मॅडमनी आधीच बजावलेलं की आपण डॉक्टर नाही, पुढं पाठवायचं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 त्याच्याच फोनवरून लावायला लावला, तो बोलेपर्यंत बाहेर बाकावर बसून राहिले.

त्या कणकुंबीकडच्या मुलीला तिसऱ्या वर्षाच्या खानापूरच्याच एका मुलीशी जोडून दिलं, ती डेबिट-क्रेडिट नावे-जमा करून मराठीत शिकवते. हिचे दोन पेपर सुटले, अकाउंट्स राहिलाय. बुधवारी आता ती वही घेऊन सगळ्यांच्या आधी येऊन बसलेली असते.